राणीचा पंजा

बाजारातल्या स्फोटाला रात्र उलटली तरी हे घरी आले नाहीत, म्हणून मी डबा घेऊन श्वानपथकाच्या आवारात गेले. हे आपल्या काळ्याभोर राणीचा पंजा मांडीवर घेऊन त्यातल्या काचा चिमट्याने काढत होते.

"दुखतंय का गं, बाळा?"

इतका ओला स्वर माझ्या वाट्याला कधी आला नव्हता.

"तुम्हाला कुठं लागलं नाही ना?" मी विचारले.

"नाही. तू जा घरी."

तो धूर, ती भीती त्या दोघांची होती. मला केवळ धुवायला गणवेश मिळणार होता.

स्फोटकांचा वास आला की न भुंकता खाली बसायचे, हे त्यांनीच तिला शिकवलेले. राणी लंगडत आली, तिने माझा पदर हुंगला आणि माझ्यापुढे निःशब्द बसली.

"अगं, हिच्याकडे काय सापडलं तुला?" हे हसले.

आत धुमसणारे काही झाकावे तसा मी पदर आवरून घेतला.