कावळ्याआधी आमदार

आमचे आमदार मी पहिल्यांदा जवळून पाहिले ते आजीच्या मयताला. तेव्हा ते आमदार नव्हते. उल्हासनगरहून स्कूटरवर येणारा, पहिल्याच निवडणुकीला उभा राहिलेला माणूस. आमच्या मोरिवली गावात त्याला ओळखत कोण होतं? आला, चपला काढल्या, तिरडीला खांदा दिला. आम्हाला वाटलं, कंपनीतला कोणी साहेब असेल. दुसऱ्या दिवशी बघतो तर गुरांच्या गोठ्यावर चिकटवलेल्या पोस्टरात तोच चेहरा.

आमचं स्मशान नाल्यापलीकडे. कंपन्या आल्या नव्हत्या तेव्हा दगडादगडावरून पाच मिनिटांत पलीकडे जायचो. मग नाल्याला कधी लाल, कधी हिरवं पाणी यायला लागलं. पाय घातला की खाज सुटायची, वास तर घरात येऊन बसायचा. म्हणून मयत लांबून न्यायचं, कंपनीच्या गेटावरून. त्या दिवशी गेटातून टँकर निघत होता. वॉचमनने शिट्टी मारली आणि हात आडवा करून म्हणाला, "रुको, रुको! पहले गाडी निकलने दो." आजी खांद्यावर आणि आम्ही उन्हात उभे. बाबा पुढे मडकं धरून. त्यांचा जबडा हललेला मी पाहिला. ती जमीन आमचीच होती हो, जिच्यावर ते गेट उभं होतं.

तिरडीखालून तो नवा माणूस म्हणाला, "बाबा, मी निवडून आलो तर नाल्यावर साकव बांधतो. तुमच्या माणसाला कोणी अडवणार नाही."

बाबांनी मान हलवली. गावाने मत दिलं. तो निवडून आला.

मी चौथी पास. पुढे शाळेत गेलो नाही, पण कंपनीतही चाकरी केली नाही. जिच्यात भात पिकवला त्या जमिनीवर कार्ड पंच करायला मी जाणार नाही, असं मी तेव्हाच सांगितलं होतं. रिक्षा घेतली. स्टेशनावरून शिफ्टची माणसं आणायची, न्यायची. रिक्षावाल्याला सगळं कळतं. आमदारांची स्कूटर जाऊन जीप आली, जीप जाऊन मोठी गाडी आली, ते पुन्हा निवडून आले, मग पुन्हा. विरोधातले लोक सभा घेऊन घसा कोरडा करायचे आणि हे फिरायचे मयताला. बदलापूरपलीकडच्या वाडीत म्हातारी गेली तरी हे चिखल तुडवत हजर. उल्हासनगर कॅम्पात एखादा सिंधी शेठ गेला तरी हजर. मला एकदा म्हणाले, "भाऊ, लग्नाला बोलावणं लागतं. मयताला लागत नाही. आणि तिथं आलेल्याला माणूस विसरत नाही." आमच्या रिक्षा स्टँडवर तर बोलायचेच, दहाव्याला कावळ्याला उशीर होईल, आमदाराला नाही.

साकव काही झाला नाही.

पावसाळा आला की बाबांची छाती भरायची. झोपेतून उठून मी त्यांचा श्वास ऐकायचो. सकाळी सवारी सोडून उल्हासनगरला आमदारांच्या ऑफिसात. "साहेब, साकव." "मंजूर आहे, भाऊ." पुढच्या वेळी, "फाईल ठाण्याला आहे." त्याच्या पुढच्या वेळी चहा. मला चहा नको होता. मी बाहेर येऊन रिक्षाचा हँडल असा ओढायचो की बाजूचे बघायचे.

बाबा म्हणायचे, "मना त्या गेटावरून नको नेऊ रं. आयेला घेऊन तिथं एकदा थांबलो, तेवढं बास. मेल्यावर थांबवू नको."

श्रावणात बाबा गेले. नाला तुडुंब, पाणी गडद लाल. चार जणांना घेऊन मी काठावर गेलो, काठी टाकून बघितली, काठी गेली वाहून. मोठी बहीण ओरडली, "एकाच्या जागी सहा मयतं करतोस काय?" शेवटी गेटावरूनच न्यावं लागलं. वॉचमन नवा होता. त्याने अडवलं नाही, पण रस्त्यात ट्रक उभे होते, थांबावं लागलंच. मी त्या गेटाकडे मान वळवून बघितलं नाही.

दहावा तळ्याच्या काठावर. भटजींनी पिंड ठेवला. आमदार आधीच येऊन बसले होते, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. निवडणूक जवळ आली होती, गाव झाडून जमलं होतं. समोर आंब्यावर कावळ्यांची ओळ, एक खाली उतरेना.

बहीण पिंडापुढे हात जोडून म्हणाली, "बाबा, आईला मी बघते." कावळा हलला नाही. मी म्हणालो, "शेताचा उरलेला तुकडा विकणार नाही." नाही. माझी बायको, "नातवाला शिकवू." नाही. ऊन चढलं, बायका कुजबुजायला लागल्या. माझं अंग आगीसारखं झालं. बाबांचं काय राहिलंय ते मला माहीत होतं. त्या पांढऱ्या कपड्यांनाही माहीत होतं.

मी वळलो. "साहेब, तुम्ही बोला."

"मी? भाऊ, हे घरच्यांचं असतं."

"तुम्ही आजीला खांदा दिलाय. घरचेच तुम्ही."

कुठूनतरी कोणी हसलं. आमदार उठले, पिंडापुढे आले. एवढा सभा गाजवणारा माणूस, घसा साफ करून म्हणाला, "बाबा, साकव बांधतो."

सगळे आंब्याकडे बघायला लागले. एका कावळ्याने पंख झाडले, मान वाकडी करून खाली पाहिलं आणि सरळ पलीकडच्या बाभळीवर जाऊन बसला.

मागून एक म्हातारा बोलला, "त्यानं पण तिनदा मत दिलं असंल!"

दहाव्याला हसू नये. पण गाव हसलं. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. आमदार न जेवता गेले. ती गोष्ट संध्याकाळपर्यंत अंबरनाथ स्टेशनावर, दुसऱ्या दिवशी कॅम्पात, आठवड्यात वांगणीपर्यंत. विरोधातल्याने तर पोस्टरवर कावळाच काढला.

आणि साहेबांनो, फाईल ठाण्याहून आली. खडी पडली, सळ्या आल्या, निवडणूक लागायच्या आत साकव उभा. उद्घाटनाला मंडप, हार, दगडावर त्यांचं नाव. मी मंडपात गेलो नाही. घरून भाताचा गोळा घेतला. बायको म्हणाली, "दहावा होऊन किती दिवस झाले? आता हे काय?" म्हटलं, "दर्भाचा कावळा मला चालत नाही." साकवावरून पलीकडे गेलो, दगडावर गोळा ठेवला आणि बसलो.

फीत कापून आमदार माझ्याकडेच आले. माणसं मागे. "आला का?"

"नाही अजून."

ते उभे राहिले. घड्याळ बघितलं. कार्यकर्ता म्हणाला, "साहेब, बदलापूरला सभा आहे, लोक थांबलेत." "थांब रे," म्हणाले. रुमालाने मान पुसली. माझ्याही पायाला मुंग्या आलेल्या, पण त्यांच्यासमोर मी हललो नाही. बराच वेळ गेला. शेवटी त्यांना जावं लागलं. जाताना वळून दोनदा बघितलं.

गाडीची धूळ बसली आणि आला. एकच. गोळ्यावर चोच मारली, पुन्हा मारली, तुकडा उचलून स्मशानाच्या बाजूला उडाला.

मी पळत रिक्षाकडे. का पळालो, सांगता येणार नाही. त्या माणसाचं मी काही देणं लागत नव्हतो. पण घरी जाववेना. बदलापूरपर्यंत रिक्षा दामटली. मैदान भरलेलं, ते स्टेजवर बोलत होते, पाण्याबद्दल. मी गर्दीच्या शेवटी उभा राहिलो. त्यांनी मला बघितलं. बोलता बोलता थांबले आणि हनुवटी जराशी वर केली.

मी मान हलवली.

त्यांनी तांब्या मागवला, उभ्यानेच पाणी प्यायले, तोंड पुसलं. लोक वाट बघत होते. मग म्हणाले, "हां, तर पाण्याचा प्रश्न..."

पुढचं ऐकायला मी थांबलो नाही. शिफ्ट सुटायची वेळ झाली होती.