रत्नम्मा सिस्टर ठाण्यात बसतात

देगलूरकडच्या कुरुळवाडीत रत्नम्मा सिस्टरना ओळखत नाही असं घर सापडायचं नाही. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून उभी हयात गेली. आता गुडघे साथ देत नाहीत, पण दारात कुणाची हाक आली की बाई चपला शोधायला लागतात. गावाबाहेरच्या पारधी वस्तीवरची कितीतरी पोरं त्यांच्याच हातावर जन्मलेली.

यंदा ईस्टरच्या तोंडावर चर्चमधली इन्व्हर्टरची बॅटरी चोरीला गेली. कमिटीचे अध्यक्ष केरबा मास्तर तक्रार द्यायला गेले. फौजदार पंचाक्षरींनी विचारलं, "संशय कुणावर?" मास्तर सहज बोलून गेले, "दुसरं कोण असणार? पारधी." तासाभरात वस्तीवर जीप गेली आणि दगडोबाला घेऊन आली.

दगडोबाची बायको सिंधु धावतच रत्नम्मांच्या दारात आली. "अम्मा, लेकरू तापलं व्हतं, घर सोडून हलला न्हाई ओ त्यो. पर आमचं कोण ऐकून राहिलं?"

रत्नम्मांचा पाय उंबऱ्यात अडखळला. वस्तीतल्या माणसांसाठी ठाण्यात जाणं त्यांना नवं नव्हतं, पण तेव्हा तक्रार करणारा परका असायचा. आज चोरी देवाच्या घरात झाली होती आणि बोट दाखवणारे त्यांच्याच मंडळीतले होते. त्यांनी चर्चच्या धर्मगुरूंना, पाळकांना फोन लावला.

"सिस्टर, आपण मूठभर माणसं," पाळक म्हणाले. "पोलिसांशी वाकडं कशाला घ्यायचं?"

"पाळकसाहेब, प्रभूला धरून नेलं तवा त्याचाच शिष्य अंगणात शेकत बसला अन् ओळख न्हाई म्हणाला. मला त्या शेकोटीपाशी बसायचं न्हाई."

ठाण्यात दगडोबा भिंतीला धरून उभा होता. पायाचे तळवे जमिनीला टेकवत नव्हता. रत्नम्मांनी ते पाहिलं आणि काय झालं असेल ते विचारावं लागलं नाही.

"सिस्टर, चोरी तुमच्याच चर्चची, अन् तुम्हीच ह्याच्या बाजूनं?" फौजदार म्हणाले. "ह्यानं चोरी केली नाही हे तुम्हाला कसं ठाऊक?"

"मला ठाऊक न्हाई साहेब. त्यानंच केली हे तुमाला कशावरून ठाऊक, तेवढं सांगा. पुरावा असंल तर बेडी घाला, मी आडवी येणार न्हाई."

"ह्यांची जातच तसली."

"जात कोठडीत घालता येत न्हाई. माणूसच घालावा लागतो. अन् ह्या माणसाला पयले डॉक्टरला दाखवा."

फौजदारांनी मान फिरवली. रत्नम्मा बाकावर बसल्या आणि तिथूनच त्यांनी केरबा मास्तरांना बोलावून घेतलं. मास्तर आले ते तणतणतच. "चर्चचं नुकसान झालंय सिस्टर, अन् तुम्ही चोराची वकिली करून राहिल्या!"

"वकिली न्हाई करत. तुमी फकस्त त्याच्याकडं बघा, मास्तर."

मास्तरांनी पाहिलं. दगडोबानं हात जोडले, तशी भिंत सुटली आणि तो खाली कोसळला.  मास्तर फौजदारांकडं वळून म्हणाले, "साहेब, मी कुणाला बघितलं न्हाई. नुसता अंदाज सांगितला व्हता. तसं लिहून देतो."

दिवेलागणीच्या आत दगडोबा सुटला. रत्नम्मांनी त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं आणि पायांवरच्या जखमांची नोंद करून घेतली. त्याबद्दल पुढं कुणावर कारवाई झाली नाही. बॅटरीही सापडली नाही. वीज गेली आणि ईस्टरची उपासना पंख्याविना झाली. घामाघूम झालेल्या काही जणांनी त्या दिवशी रत्नम्मांशी हात मिळवला नाही. रत्नम्मांच्या ते मनाला लागलं. घरी आल्यावर त्या बराच वेळ न जेवता बसून होत्या.

पुढं पावसाळ्यात बाजारातून एक मोटारसायकल चोरीला गेली आणि जीप पुन्हा वस्तीकडं वळली. रत्नम्मा घराबाहेर पडल्या, तर केरबा मास्तर स्कूटर चालू ठेवून रस्त्यात उभे.

"बसा सिस्टर," मास्तर म्हणाले. "आज मी बी येतो."