अरुंधती दिसली नाही

अरुंधती मला दिसली नाही. आमच्या अंगणात पुतणीचं लग्न होतं. अंधार पडल्यावर भटजींनी नवरानवरीला सप्तर्षींतला वसिष्ठ दाखवला आणि त्याला चिकटलेली अंधुक अरुंधती दाखवली. सगळे माना वर करून "दिसली, दिसली" म्हणत होते. मला वसिष्ठच धुरकट दिसत होता. त्याच्या शेजारी काहीच नव्हतं.

आमच्या पोलादपूरकडे मानतात, ज्याला अरुंधती दिसत नाही तो सहा महिन्यांत जातो. सासऱ्यांना दिसली नव्हती. त्यांनी पुढची दिवाळी बघितली नाही.

माझा चेहरा बघून नवऱ्याने ओळखलं. "काय गो, नाय दिसली? मला तर दोघं टिकल्यांसारखी दिसतात. सहा महिन्यांची पाहुणी हायस तू. जायच्या आधी लोणचं तेवढं घाल."

मांडव हसला. मी बोटांवर महिने मोजले.

माझी मुलगी पुण्याला ताऱ्यांचं शिकत होती, लग्नाला आली होती. आपल्या आकाशगंगेभोवती एक लहान आकाशगंगा फिरते. तिच्या कडेच्या अंधुक ताऱ्यांतले तिचे कुठले आणि मध्येच आड आलेले आपले कुठले, हे ती निवडत असे. तांदळातले खडे निवडतात तसं, एवढं मला कळलं होतं. दुसऱ्या दिवशी तिने त्या ताऱ्यांचा फोटो ओटीवर पसरला. उलटा छापलेला, पांढऱ्या कागदावर काळे तारे.

"कडेला बघ आई, किती आहेत."

मला कडेला कोरा कागद दिसला. "इथंपण काय नाय! मी मरतेय गो."

"एका फोटोत तारा सापडला नाही म्हणून मी तो खोडत नाही. आधी कॅमेरा तपासते." तिने माझ्या एका डोळ्यावर हात धरला, मग दुसऱ्यावर. दोन्हींनी धुकंच दिसलं. "मोतीबिंदू असणार तुला."

महाडचे डॉक्टरही तेच म्हणाले. पावसाळा संपल्यावर ऑपरेशन करू म्हणाले. पण मोतीबिंदूवाली माणसं मरत नाहीत, असं काही ते म्हणाले नाहीत. छातीत कळ आली की मी भिंत धरून उभी राही. लोणचं घातलं तेव्हा वाटलं, हे मुरेल तेव्हा मी नसेन. विहिरीच्या काठाशी जायचं मी सोडलं. नवरा रोज सकाळी चहा मागताना विचारी, "अजून हायस?"

भाद्रपदात तो गवताचा भारा घेऊन येताना बांधावर कोसळला. जीप महाडला पोचेपर्यंत गेलेला होता.

दिवाळीनंतर माझं ऑपरेशन झालं. उन्हाळ्यात मुलीने तोच फोटो पुन्हा पसरला. कडेला तारे होते, बारीक रव्यासारखे. रात्री अंगणात जाऊन मी अरुंधतीही बघितली.

ज्याला ती लख्ख दिसली होती तो गेला. मी जगले.