परत एकदा सांगा

कानावरची पेन्सिल काढायची, जिभेला लावायची आणि म्हणायचं, "दादा, परत एकदा सांगा." असा माणूस दरसाल दारात आला असता तर तुम्हीही वैतागला असता.

तो साताऱ्याकडचा. सत्तर सालानंतरची गोष्ट. पलटणीतून सुटून मी सांगलीत तंबाखूच्या वखारीवर राखणीला होतो. एका मोठ्या दवाखान्यानं त्याला वही देऊन पाठवलेला. वखारीतली असो की घरातली, कुठल्या बाईनं किती वर्षं तंबाखूचा खकाणा, म्हणजे चाळताना उडणारी भुकटी, खाल्ला आणि ती पुढं किती जगली, एवढंच लिहायचं.

चाळणीवरच्या बाया त्याला सोडायच्या नाहीत. "मास्तर, आमी मरतो कवा ते बघाय येताय व्हय?"

"न्हाई मावशी, जगता किती ते बघाय," म्हणायचा, आणि स्वतःच चार शिंका द्यायचा.

एकाच माणसाला तो दोनदा विचारायचा. मी म्हणालो, "एकदा सांगितलं ते पुरं न्हाई व्हय?"

"माणूस आज एक सांगतो, महिन्यानं दुसरं. त्यात फरक किती पडतो ते कळलं, की ज्यांना एकदाच विचारलं त्यांचं कितपत धरायचं तेही कळतं."

मला हसू आलं. आता स्वतःचीच किळस येते.

वखारीत हजेरीला नाव माझ्या वहिनीचं. ती चाळणीवर बसायच्या आधीच इस्लामपूरला रानात राहायला गेली, तर नाव तुटू नये म्हणून तिच्या जागी माझी बायको जायची. सात वर्षं. आमच्याकडं हे चालायचंच, मुकादमही बघून न बघितल्यागत करायचा. पण फौजीची बायको तंबाखू चाळती, हे तोंडानं सांगायची मला लाज.

तो इस्लामपूरला वहिनीकडं जाऊन आला. विचारलं, चाळताना तोंडाला काय बांधायच्या? वहिनी म्हणाली, काय न्हाई. पदर बांधल्याशिवाय तिथं घटकाभर निघत नाही. वहिनीच्या नावावर दुसरीच कुणी चाळत होती, हे त्याला कळलंच असणार. सरळ माझ्या दारात.

आत बायको खोकत होती.

"तुमच्या मंडळी वखारीत होत्या का कधी?"

"न्हाई. घरातच असती."

"परत एकदा सांगा."

"न्हाई म्हनलं न्हवं!"

आतला खोकला थांबला. तिनं ऐकलं होतं. त्यानं पेन्सिल ओली केली, शून्य मांडलं.

दुसऱ्या साली ती गेली. तो लिहायला आला, तर मढं नेलेल्या तोंडानं मी तेच सांगितलं. त्यानं मरणाचं साल लिहिलं, पेन्सिल कानावर ठेवली. मग म्हणाला, "आज राहू द्या दादा. पुढच्या खेपेला परत विचारतो."

वर्षभर मी खरं तोंडात धरून बसलो. या खेपेला सांगायचंच.

पुढच्या खेपेला दुसराच आला, कोरा करकरीत. म्हणाला, मास्तर वारले. यानं एकदाच विचारलं, "घरात आणखी कोण गेलं?"

म्हणालो, "कुनी न्हाई. पर जुन्या वहीत एक चूक हाय."

"ती वही बंद झाली, काका," म्हणाला आणि सायकलवर टांग टाकली.

त्या वहीत सात वर्षं खकाणा खाऊन वहिनी ठणठणीत आहे, आणि माझी बायको खकाण्याशिवायच मेली. असल्या हिशेबावर डॉक्टर काय शिकणार, कपाळ?

तिचं वखारीतलं लुगडं अजून पेटीत आहे. झटकलं की शिंक येते. मास्तरालाही आली असती. पण त्याला तिची ती सात वर्षं माझ्या तोंडून ऐकायची होती.