वाल्मिककाकाचे कान

धसईच्या पुढे डोंगराला लागून आमचं गाव आहे, आणि ते बुडणार आहे. मी पहिलीत होते तेव्हापासून बुडणार आहे. आता माझी मुलगी पहिलीत गेली, तरी ते अजून बुडालेलं नाही. धरण होणार, गाव पाण्याखाली जाणार, असं एकदा सांगून झालं आणि मग मोजणीवाले अधूनमधून येत राहिले. कधी एका वर्षात दोनदा, तर कधी दोन-तीन वर्षं कुणी फिरकायचंही नाही. नक्की होणार असतं तर माणसं रडून-भांडून मोकळी झाली असती. रद्द झालं असतं तर भिंतींना गिलावा तरी केला असता. दोन्ही झालं नाही. आमच्याकडे कुणी घराला नवं दार करत नाही आणि परसात फणसाचं रोप लावत नाही. बुडणार त्याला खर्च कशाला!

या गावाची राखण माझ्या काकाने केली. वाल्मिककाका, माझ्या बापाचा धाकटा भाऊ. त्याला कुणी नेमलं नव्हतं. पहिल्यांदा मोजणीवाले पहाटे आले तेव्हा जीपचा आवाज सगळ्यांच्या आधी त्याला ऐकू आला, एवढंच झालं. त्याने आरडाओरडा करून गाव उठवलं आणि मोजणीवाले परत गेले. त्या दिवसापासून "वाल्मिकचे कान" ही गावाची मालमत्ता झाली. त्याच्या अंगणातल्या आंब्याला रुळाचा तुकडा टांगला गेला. अनोळखी गाडी घाट चढायला लागली की काकाने तो बडवायचा.

तुकडा वाजला की पुढचं सगळं ठरलेलं होतं. बाप्ये खालच्या वळणावर सागाचे ओंडके आडवे टाकायचे आणि लगेच वर रानात पसार व्हायचे, कारण पोलीस पकडायचे ते बाप्यांनाच. बायका ओंडक्यांच्या अलीकडे रस्त्यात बसायच्या, गाडीकडे पाठ करून. कुणाशी बोलायचं नाही, कागद घ्यायचा नाही, मागे वळून बघायचं नाही. वळून न बघण्याचा नियम नंतरचा. एकदा पांढऱ्या गाडीतून माणसं आली, डोळे तपासायचं शिबिर आहे म्हणाली, आमच्या म्हाताऱ्या कौतुकाने पुढे झाल्या, आणि तेवढ्यात मागच्या शेतात मोजणीचे दगड रोवून झाले. तेव्हापासून गाडी कसलीही असो, कुणी काहीही सांगो, मागे वळायचं नाही. बायकांनी हा नियम कधी मोडला नाही.

काका आधी कसा होता ते मला आठवतं. बारीक, काटक, भाताच्या आवणीच्या दिवसांत सगळ्यांच्या पुढे, आणि चेष्टेखोर तर इतका की गिरजाकाकी लग्नानंतर वर्षभर त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवत नसे. मग तो हळूहळू बदलला. त्याला सलग झोप लागेना. जेवताना घास हातात धरून तो थांबायचा, मान थोडी वाकडी करायचा, आणि आम्ही सगळे गप्प व्हायचो. बहुतेक वेळा ती दुधाची मोटरसायकल असायची. काका पुन्हा जेवायला लागायचा, पण कपाळावर घाम आलेला असायचा.

त्याचं पोट सुटलं. हातपाय काटकीसारखे आणि पोट तेवढं पुढे. गावाला वाटलं, वाल्मिक सुखात आहे. "शेठ, काय काकी तूप वाढते वाटतं?" असं लोक विचारायचे आणि तोही हसायचा. शेतात मात्र तो बांधावर बसू लागला. दोन पेंढ्या उचलल्या की दम लागायचा. मग लोक म्हणाले, वाल्मिक आळशी झाला. काकीवर खेकसायला लागला, तेव्हा म्हणाले, शेठला माज आला. माझ्या गावाकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं, फक्त त्या माणसाला कुणी विचारलं नाही. मला अजून राग येतो.

शेवटी पायाला विळा लागल्याचं निमित्त झालं. इतकीशी जखम, पण भातझोडणी संपली तरी ती ओलीच. काकी त्याला घेऊन मुरबाडला माझ्याकडे आली, कारण लग्न होऊन मी तिथेच राहते. काका दाराशीच म्हणाला, "मला काय झालेलं नाय गो, हिला यष्टीत बसायची हौस." मी दोघांना आमच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. साखर भरपूर निघाली, रक्तदाबही वाढलेला. बाई चांगल्या होत्या. घाई न करता त्यांनी सगळं विचारून घेतलं, झोप, भूक, लघवी, राग. काका गाडीच्या आवाजाबद्दल बोलला तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं.

"रानात डुक्कर अंगावर आलं तर काय होतं तुम्हाला?"

"काय होनार? छाती धडधडते. पाय पळतात."

"बरोबर. आपल्या मूत्रपिंडांवर दोन छोट्या ग्रंथी असतात. त्या वेळी त्या रक्तात हार्मोन्स सोडतात. एक अॅड्रेनालिन, दुसरं कॉर्टिसॉल. त्यांच्यामुळे हृदय जोरात चालतं, साठवलेली साखर रक्तात येते, झोप उडते. पळायला ताकद हवी ना! डुक्कर गेलं की सगळं जागेवर येतं. तुमचं डुक्कर इतक्या वर्षांत गेलंच नाही."

काकाने थोडा विचार केला. "पन बाई, गाडी काय रोज येत नाय. मईना मईना येत नाय."

"तुम्ही रोज तिची वाट बघता. शरीराला तेवढं पुरतं."

मग त्यांनी समजावलं. सगळं काही यानेच झालं असं त्या म्हणत नव्हत्या. वय होतं, आणि आमच्या घराण्यात साखर होतीच. पण ते कॉर्टिसॉल वर्षानुवर्षं चढतं राहिलं की साखर खाली उतरत नाही, दाब वाढतो, हातापायांचं मांस झडून पोटावर चरबी साठते, जखमा भरत नाहीत, झोप तुटते, आणि झोप तुटली की ते हार्मोन आणखी चढतं. माणूस दमलेला असतो, पण त्याला विसावा घेता येत नाही. "गोळ्या देते," त्या म्हणाल्या, "पण पंप रात्रंदिवस चालू ठेवून नुसतं तेल घातलं तर मोटर जळायचीच. काही महिने गावाबाहेर राहा. नाहीतर एक दिवस हृदय नाहीतर मेंदू, काहीतरी दगा देईल."

बाहेर आल्यावर काकी रस्त्यातच रडली. ती रडणारी बाई नव्हे. म्हणाली, "आळशी म्हनाली समदी. मी बी म्हनली."

काकाला आम्ही उंबरमाळीला त्याच्या बहिणीकडे धाडला. मला भीती होती, कारण तिचं घर रेल्वेला लागून, दिवसभर गाड्यांची धडधड. पण काका तिथे पहिल्याच दुपारी जो झोपला तो दिवेलागणीला उठला. आत्याला वाटलं, काही बरंवाईट झालं की काय, तिने दोनदा नाकापाशी बोट धरून बघितलं. मी भेटायला गेले तेव्हा विचारलं, "काका, एवढ्या आवाजात झोप लागते?" तो म्हणाला, "या गाड्या आपापल्या वाटेनं जातात गो. आपल्या घरात शिरत नाय."

पावसाळा संपला तरी तो तिथेच होता. जखम भरली, साखर खाली आली, आणि बाईंनी एक गोळी कमीसुद्धा केली. आत्याच्या वाडीत तो भाजीचे वाफे काढायचा आणि दमायचा नाही. काकी अधूनमधून जायची आणि परत येताना माझ्याकडे उतरायची. एकदा चहा पिताना लाजून म्हणाली, "तुजा काका परत चेष्टा करतो." तिला हवं होतं ते एवढंच, आणि ते तिला मिळालं होतं.

मग गावाने त्याला परत नेला. कुणी दुष्टपणा केला नाही, हेच जास्त लागतं. दिवाळीनंतर मोजणीवाले येऊन गेले आणि गावाला पत्ताच लागला नाही. शेतात नवे दगड दिसले तेव्हा सगळे हबकले. धाऊआजोबा, म्हणजे गावातलं मोठं माणूस, चार जणांना घेऊन उंबरमाळीला गेले. शाल आणि नारळ घेऊन गेले. "वाल्मिक, तू नाय तर गाव आंधळं झालंय रे," असं म्हणून त्यांनी त्याच्या खांद्यावर शाल घातली. काकी तिथे होती. तिने सांगितलं की डॉक्टरने मना केलंय. धाऊआजोबा म्हणाले, "बाय, डागतर मुरबाडची. तिचं घर बुडत नाय." काकी म्हणाली, "मंग पाळी लावा. गावात पोरं काय कमी हायेत? रोज एकानं ऐकावं." सगळे हो म्हणाले. पाळी कधी लागली नाही. कशाला लागेल, कान परत आले होते!

आणि काका तरी का गेला? मी त्याला फोनवर विचारलं. तो म्हणाला, "मला कवा कुनी शाल घातली व्हती?"

शिमगा होईतो तो होता तसा झाला. साखर परत चढली. गोळ्या वाढल्या. बाईंनी मला एकटीला बोलावून सांगितलं की लक्षणं बरी नाहीत. मी गावी जाऊन काकीला सांगितलं, शेखरला, म्हणजे त्यांच्या मुलाला, सांगितलं. शेखर मुरबाडच्या एका कारखान्यात कामाला होता. त्याने खोली बघायला सुरुवात केली होती, आईबापाला घेऊन यायला.

तो दिवस मी बघितला नाही. काकीने सांगितला तसा सांगते. धसईचा बाजार होता, गावातली जीप माणसं घेऊन तिकडे गेलेली. काका पडवीत बसून चहा पीत होता आणि कप हातातून पडला. उजवा हात उठेना, तोंड वाकडं झालं. काकीने शेखरला फोन लावला, शेखरने तिकडून रुग्णवाहिका बोलावली आणि स्वतः मोटरसायकलने निघाला. काकीने काकाला आडवं केलं, डोकं मांडीवर घेतलं. शेजारचा लडकू धावत आला. काका शुद्धीत होता, तिच्याकडे बघत होता. ती म्हणत राहिली, "गाडी येतेय, येतेय गाडी."

बऱ्याच वेळाने काकाची मान हलली. तीच ती वाकडी मान. कुणालाच काही ऐकू येत नव्हतं. त्याने डावा हात उचलला आणि अंगणातल्या आंब्याकडे दाखवलं. बोलायचा प्रयत्न करत होता, पण शब्द उमटेना. घाम फुटला होता, डोळे मोठे झाले होते. लडकूला इतक्या वर्षांची सवय. वाल्मिकने हात दाखवला की पुढचा विचार करायचा नसतो. तो धावला आणि रुळाचा तुकडा बडवायला लागला.

काकी ओरडली, "अरं ती त्याचीच गाडी असंल! लडकू, नको रं!" लोखंडाच्या आवाजात तिचं कुणी ऐकलं नाही. गाव बाहेर पडलं. ओंडके पडले, बाप्ये रानात गेले, बायका रस्त्यात बसल्या. खाली वळणावर फोन लागत नाही. गाडी आली, पांढरी, भोंगा वाजवणारी. ड्रायव्हरने हात जोडून सांगितलं, पेशंट आहे, लकव्याचा पेशंट आहे. बायकांनी वळून बघितलं नाही. पांढऱ्या गाडीतल्या माणसांचं ऐकून एकदा काय झालं होतं ते त्यांना पाठ होतं.

काकी काकाचं डोकं उशीवर ठेवून धावत सुटली. अनवाणी, तो सगळा उतार. तिला बघून बायका उठल्या, आणि कळलं तेव्हा एकमेकींच्या गळ्यात पडायलाही त्यांना वेळ नव्हता. ओंडके उचलायला बाप्या माणूस नाही. ड्रायव्हर, सोबतची नर्स आणि आमच्या बायका, सगळ्यांनी मिळून ते सरकवले. गाडी अंगणात पोचली तेव्हा काका गेला होता. शेखर पोचला तो त्याच्याही नंतर. लडकू त्याच्याजवळ बसला होता. तो म्हणाला, शेवटपर्यंत काका आंब्याकडेच बघत होता.

बाराव्याला गाव जमलं. सगळे मनापासून रडले, ते मी नाकारत नाही. जेवणं झाल्यावर धाऊआजोबांनी शेखरला जवळ बसवलं. पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "पोरा, बापाचं काम आता तूच कर. तुजंबी कान तसंच हायेत, लहानपनापासून बघतोय मी." दोन-चार जणांनी माना हलवल्या. शेखर खाली बघत राहिला. बाप गेलेला मुलगा, समोर अख्खं गाव, तो नाही कसा म्हणणार?

काकी पदर सावरून उंबऱ्यापाशी आली. ती मोठ्याने बोलली नाही.

"त्यांचं कान काय वेगळं नव्हतं, आजोबा. तुमच्यासारखंच व्हतं. तुमी समदी झोपायचात, म्हनून तुमाला ऐकू येत नव्हतं. त्यांना झोप नव्हती."

तिने शेखरला हाताला धरून उठवलं, त्याची बॅग आणून त्याच्या खांद्याला लावली आणि मला म्हणाली, "याला तुज्यासंगं यष्टीनं घेऊन जा. आनि तुज्याकडं गेला की जेवू घाल आनि झोपव."