जतनबाईंचा चिकनगुनिया

मंचरच्या बाजारपेठेत उत्तमचंदशेठचं भांड्यांचं दुकान आहे. गल्ल्यावर बसतात त्यांच्या पत्नी, जतनबाई. त्यांच्या जैन घरात कांदा-बटाटासुद्धा येत नाही आणि दिवस मावळला की चूल बंद. त्या वर्षी पर्युषण तोंडावर आलं होतं आणि गावात तापाची साथ पसरली होती. जतनबाईंना ताप भरला, गुडघे धरले, बोटं वळेनात. दवाखान्यात आरती डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि म्हणाल्या, "आजी, चिकनगुनिया."

जतनबाई तापातही ताठ झाल्या. "हा रिपोर्ट दुसऱ्या कुणाचा तरी असेल!"

बाहेर पन्नास पेशंट ताटकळले होते. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, भरपूर पाणी प्यायला सांगितलं आणि पुढच्याला बोलावलं.

घरी येताच जतनबाईंनी सगळ्यांना समोर उभं केलं. "या घरात चिकन कोणी खाल्लं? त्याशिवाय का मला हे झालं!"

अवसरीला इंजिनीअरिंग शिकणारा नातू अंकित रडकुंडीला आला. "दादी, चिकन नाही, शपथ! एकदा फक्त अंडाभुर्जी. तीही मित्राच्या प्लेटमधली."

"मग मला अंडागुनिया झाला असता!" जतनबाई कडाडल्या. "चिकन कोणी खाल्लं ते सांगा!"

सुनेनं, डिंपलनं, माहेरी गेल्यावर लसणाची चटणी खाल्ल्याचं कबूल केलं. उत्तमचंदशेठ बराच वेळ घसा खाकरत राहिले. मग म्हणाले, "लग्नाआधी पुण्यात केक खाल्ला होता. आत काय होतं ते मी विचारलं नाही."

तेवढ्यात दूध घालायला चिमाबाई आल्या. ही उलटतपासणी बघून त्यांनी कपाळाला हात लावला. "अवं जतनबाई, मी दर रविवारी कोंबडी खाती. मला कुटं काय झालंय? आन् तुमी तर कांदा बी खात न्हाई!"

हे मात्र जतनबाईंना पटलं. लंगडत लंगडत त्या पुन्हा दवाखान्यात गेल्या. "डॉक्टर, गोळ्या राहू द्या. आधी या नावाचा अर्थ सांगा."

डॉक्टर हसल्या. "आजी, कोंबडीचा काही संबंध नाही. हा आफ्रिकेतल्या एका भाषेतला शब्द आहे. सांधे इतके दुखतात की माणूस वाकून जातो, म्हणून ते नाव. होतो डास चावल्यामुळे."

जतनबाईंचा चेहरा उजळला. कंबर वाकलेली होतीच. तशाच त्या बाहेरच्या खोलीत आल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "ऐका हो, हे चिकन ते चिकन नाही!"

कोपऱ्यातले एक पेशंट कण्हत उठले. "काय सांगता? मी आजारी पडल्यापासून कोंबडी सोडलीय की, राव!" ते तिथूनच घरी फोन लावायला धावले. म्हणजे, त्या गुडघ्यांनी जमेल तेवढे.

घरी मात्र कुणाचीच सुटका झाली नाही. नाव परदेशी निघालं तरी भुर्जी मंचरचीच होती. पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी, संवत्सरीला, अंकित, डिंपल आणि उत्तमचंदशेठ ओळीनं हात जोडून 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणाले आणि जतनबाईंनी तिघांनाही क्षमा केली. शेठना जरा उशिरा.

गुडघे दिवाळीपर्यंत दुखत राहिले. डास मारणं जतनबाईंच्या तत्त्वात बसत नव्हतं. म्हणून त्यांनी घरातली सगळी पिंपं झाकली, म्हणजे अंडी घालायला डासांना जागाच नको. दुकानातही पिंप घेणाऱ्याला त्या झाकणाशिवाय सोडेनात. एका गिऱ्हाइकानं कुरकुर केली, तेव्हा त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "घ्या झाकण. नाहीतर वाकून चालायची तयारी ठेवा."