मळईचा नकाशा

बहात्तरचा दुष्काळ सरला आणि पुढच्या पुरांनी कृष्णेनं आमच्या काठाला मळई टाकायला सुरुवात केली. मळई म्हणजे पुरानं आणून टाकलेली गाळाची जमीन. कुणी मागितली नव्हती, कुणाच्या सातबाऱ्यावर नव्हती, पण दर पावसाळ्यानंतर चार पावलं पुढं सरकायची. तिच्यात वांगी अशी यायची की बघत राहावं. मग भांडणं आलीच.

मी तेव्हा गावच्या शाळेत मास्तर होतो. वय पंचवीस, अक्कल त्याहून कमी. देवळातल्या बैठकीत म्हाताऱ्यांनी मलाच धरलं. "मास्तर, तुमी शिकल्यालं. ह्या मळईची कायतरी येवस्था लावून द्या." मी फुगलो. शाळेतला चित्रकलेचा मोठा कागद घेतला, रंगीत पेन्सिली घेतल्या आणि आठ दिवस बसून नकाशा काढला. पाण्याच्या कडेला वाळुंजाची झाडं लावायची, म्हणजे गाळ अडेल आणि मळई वाढेल. त्यामागं लव्हाळा तसाच राखायचा, गुरं सोडायची नाहीत. वरच्या अंगाला वांग्यांसाठी जमिनीचे तुकडे, पाळीपाळीनं एकेका घराला. गावानं माझी पाठ थोपटली, नकाशा देवळात खिळ्याला टांगला.

नकाशात नदी निळी रंगवली होती आणि नदीपाशी कागद संपला होता. पलीकडच्या काठाला माझी आक्का दिली होती, तिचं दीड एकर रान अगदी पाण्याला लागून होतं. हे मला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? पण नकाशा काढताना ते एकदाही डोक्यात आलं नाही. आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

वाळुंज दोन वर्षांत डोक्याच्या वर गेला. मळई दुप्पट वेगानं वाढली. इकडून ढकललेलं पाणी तिकडं लागायचं. आक्काचा निरोप नावाड्याबरोबर आला, "रान ढासळतंय, एकदा येऊन बघून जा." मी गेलो. भुईमुगाचे वेल मुळांसकट काठावरून लोंबत होते. दाजी नुसते उकिडवे बसून राहिले होते.

मी बैठक बोलावली. म्हणालो, वाळुंज काढू या. एक आजोबा शांतपणे म्हणाले, "तुमीच लावा म्हणला, आता तुमीच उपटा म्हणताय व्हय? नदीनं दिल्यालं न्हाई म्हनू न्हाई, मास्तर." दुसऱ्यानं विचारलं, "भनीसाठी गावाच्या तोंडचा घास काढायचा काय?" खोटं कुणीच बोलत नव्हतं. एका रविवारी मी एकटाच कुऱ्हाड घेऊन गेलो आणि दिवसभर तोडत राहिलो. हाताला फोड आले. कुणी अडवलंसुद्धा नाही, त्यांना माहीत होतं. वाळुंज तोडला की एकाच्या जागी दहा फोक फुटतात. महिन्याभरात तो पहिल्यापेक्षा दाट झाला.

त्या वर्षी भाऊबीजेला आक्काकडं गेलो. तिनं ओवाळलं. तबकात लुगडं ठेवताना मी म्हणालो, "आक्का, औंदा मळईवर माझी पाळी हाय. ती तू घे. वांगी लाव, पीक तुझं."

तबक तिच्या हातात तसंच राहिलं. "माझीच माती मला ओवाळणीत घालतोस व्हय रं?" ती म्हणाली. रागावून नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. मग तिनं मला जेवायला वाढलं, आग्रहानं आणखी एक करंजी वाढली.

दरवर्षी निघताना ती मला नावेपर्यंत पोचवायला यायची. रानातनं चालता चालता आमच्या घरादाराच्या सगळ्या गोष्टी व्हायच्या, कधी ती रडून घ्यायची, कधी मी. त्या वर्षी ती निघाली, तिनं "आईचा खोकला कसा हाय?" एवढं विचारलं, आणि मी उत्तर द्यायच्या आत आम्ही पाण्याशी येऊन पोचलो होतो.